घर पाहावे लिहून

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण ज्याने रूढ केली तो माणूस घरे बांधणारा कंत्राटदार असला पाहिजे, असा माझा दाट संशय आहे. लग्न त्याने पुरवणी म्हणून जोडले असावे; नाहीतर जाहिरात लगेच उघडी पडली असती. या म्हणीने घर बांधणाऱ्याचे आजवर कवडीचे भले केलेले नाही. बांधून देणाऱ्याला मात्र ती पिढ्यान् पिढ्या पोसते आहे. घरमालक डोक्याला हात लावून बसला की शेजारी, साडू, मेव्हणे आणि ऑफिसातले सहकारी त्याच्याभोवती गोळा होतात, एका सुरात ही म्हण म्हणतात, आणि आरतीनंतर मंत्रपुष्पांजली यावी तसा शेवटी एक शब्द जोडतात, ‘चालायचंच!’

माझे भांडण आहे ते या ‘चालायचंच’शी. कंत्राटदाराशी मी दोन वर्षे भांडून घेतले आहे, ती हौस फिटली. हा शब्द मात्र अजून गावभर मोकळा हिंडतो आहे, आणि रोज एकेका घरमालकाच्या खांद्यावर हात टाकून त्याला गप्प बसवतो आहे.

आधी माझी लायकी सांगतो, म्हणजे गुन्ह्याचे वजन कळेल. मी बी.कॉम. आहे आणि वीस वर्षे बँकेत कारकून आहे. कॅशच्या खिडकीत बसून मी आजवर किती लोकांच्या सह्या परत केल्या असतील याची गणती नाही. ‘व’ची शेपटी जरा आखूड निघाली, तरी मी स्लिप बाहेर सरकवतो. एखादा म्हातारा शेतकरी स्वतःच्याच खात्यातले दोन हजार काढायला आला, तर त्याच्याकडून अंगठा घेतो, फोटो ताडतो आणि ओळख द्यायला माणूस मागतो. म्हातारा बिचारा विचारतो, ‘‘साहेब, पैसा तर माझाच आहे ना?’’ मी म्हणतो, ‘‘बाबा, नियम म्हणजे नियम.’’

अशा या नियमाच्या पुतळ्याने २०२२ साली भडगावात अठरा लाख चाळीस हजारांचे घर तोंडी बोलीवर बांधायला दिले.

कंत्राटदाराचे नाव सांगत नाही. त्यांना आपण आप्पा म्हणू. खानदेशात दर तिसरा माणूस आप्पा, दुसरा आबा आणि उरलेला भाऊ असतो. त्यामुळे कोणाची बेअब्रू होण्याचा धोका नाही. आखाजीच्या मुहूर्तावर आम्ही प्लॉटवर उभे होतो. आप्पांनी सिमेंटच्या पोत्याचा एक कागदी तुकडा फाडला, कानावरची पेन्सिल काढली आणि लिहिले, ‘११५० × १६००’. गुणाकार मी तोंडी केला. बँकवाला म्हणून तेवढीच माझी हुशारी. मग मी विचारले, ‘‘आप्पा, यात काय काय आलं?’’

‘‘सगळं आलं, भाऊ.’’

मराठीत ‘सगळं’ या शब्दासारखा पोकळ शब्द दुसरा नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हते. पुढे त्या ‘सगळं’मधून जोत्यातली मुरमाची भर वजा झाली. मग पाण्याची टाकी गेली. मग खिडक्यांच्या जाळ्या, मग जिन्याचा कठडा. दर वेळी आप्पा आश्चर्याने म्हणत, ‘‘भाऊ, ते तर एक्स्ट्रा असतं!’’ जिना धरला होता, कठडा धरला नव्हता. म्हणजे माणसाने चढावे एवढे कंत्राटात होते, पडू नये हे नव्हते.

‘‘आणि काम कधी होईल?’’

‘‘दिवाळी नव्या घरात करा.’’

आमच्या सौ.ने विचारले, ‘‘कोणत्या वर्षीची?’’ आम्ही सगळे हसलो. सर्वांत जास्त आप्पा हसले. तेवढ्यात वारा आला आणि तो पोत्याचा कागद गिरणेच्या दिशेने उडून गेला. आमच्यातला एकुलता एक लेखी दस्तऐवज तो.

घराची घाई मला नव्हती, माझ्या मायला होती. आमचे जुने घर धाब्याचे. दर मृगाच्या आधी धाब्यावर खारी माती टाकायची, आणि तरी पावसाळ्यात घरभर पातेली मांडायची. मायचे एवढेच म्हणणे, की कानबाई एकदा नव्या घरात बसवू. खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. सगळे भाऊबंद एका घरी जमतात आणि सव्वाच्या मापाने दळलेल्या गव्हाचे रोट होतात. मायने मागितलेली दुसरी गोष्ट म्हणजे ओट्याच्या पायऱ्या ठेंगण्या हव्यात, कारण तिचा गुडघा दुखतो. आप्पांनी मायच्या पायांना हात लावून सांगितले, ‘‘व्हई जाई, माय.’’

‘व्हई जाई’ म्हणजे अहिराणीत ‘होऊन जाईल’. या क्रियापदाचा मी नंतर बराच अभ्यास केला. यात काळ भविष्य असतो आणि कर्ता बेपत्ता. कोण करील, कधी करील, याचा त्यात पत्ताच नाही. पाऊस पडतो, सूर्य उगवतो, तसे घर ‘होऊन जाईल’. मध्ये आप्पा कशाला हवेत? आणि खरोखरच ते मध्ये फारसे नसत.

काम बंद पडायला कारण लागते, आणि आपल्याकडे बाराही महिने कारणांचे आहेत. पाऊस असला की ओल असते, पाऊस नसला की पाणी नसते. दिवाळीनंतर मजूर कापूस वेचायला जातात, मग लग्नसराई, मग उन्हाळा. यांपैकी काहीच नसेल तर वाळू बंद असते. गिरणाकाठी राहून वाळूसाठी थांबायचे, हे म्हणजे हलवायाच्या घरी साखर उसनी मागण्यासारखे. २०२३ साली सरकारने ६०० रुपये ब्रासने वाळू द्यायचे धोरण जाहीर केले, तेव्हा मी पेपर घेऊन आप्पांकडे धावत गेलो. आप्पांनी बातमी शांतपणे वाचली, पेपराची घडी केली, तिच्यावर भजी ठेवली आणि म्हणाले, ‘‘चांगली आहे योजना.’’ त्याच वर्षी पंचांगात अधिक श्रावण आला. म्हणजे कानबाई महिनाभर पुढे गेली. प्रत्यक्ष पंचांगाने मुदतवाढ दिल्यावर आप्पांना काय, आभाळच ठेंगणे झाले. मायने मात्र दुसरी कानबाईही गळक्या धाब्याखालीच बसवली.

फोनचे तर विचारू नका. एकदा दुपारी बँकेतून फोन लावला. ‘‘आप्पा, कुठे आहात?’’

‘‘पाचोऱ्याला आहे, भाऊ. सळई पाहतो आहे.’’

माझ्या खिडकीतून समोरचे चहाचे दुकान दिसते. तिथल्या बाकावर आप्पा बशीतून चहा पीत बसले होते. आमची नजरानजर झाली. माणूस ओशाळला असता. आप्पांनी कानाचा फोन न काढता, प्रेमाने मला हात केला. पाचोऱ्याहून इतक्या लांब हात करणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

पैशांचे शास्त्र आणखी निराळे. बँकेचे कर्ज टप्प्याटप्प्याने मिळते, आणि ते शहाणपणाचे आहे. जोते झाले की एक हप्ता, लिंटलपर्यंत भिंती आल्या की दुसरा, स्लॅबला तिसरा. इंजिनिअरने पाहून दाखला द्यायचा, मग पैसे. पण आप्पांना दाखल्याचा सोस नव्हता. ते उद्याचा टप्पा आज मागायला यायचे. ‘भाऊ’चा ‘साहेब’ झाला, की मी ओळखायचो. ‘‘साहेब, उद्यापासून सळईचा भाव चढतोय. आज पन्नास हजार द्या.’’ मी मुदतीची ठेव मोडून दिले. पावती मागितली तेव्हा आप्पांचा चेहरा असा पडला, की मलाच अपराध्यासारखे झाले. ‘‘साहेब, आपल्यात काय पावती?’’

मराठीतले सर्वांत महाग सर्वनाम कोणते असे कोणी विचारले, तर मी ‘आपल्यात’ हे सांगेन. व्याकरणात बसो न बसो, त्याने मला एकूण सव्वातीन लाखांना गाठले.

२०२३च्या मे महिन्यात, भर उन्हात, एकदाचा स्लॅब पडला. सिमेंटला पाणी किती दिवस पाजायचे याचा भारतीय मानक ब्यूरोचा नियम आहे. साध्या सिमेंटला निदान ७ दिवस, राख मिसळलेल्या सिमेंटला १० दिवस, आणि हल्ली बाजारात मिळते ते बहुधा राखेचेच. खालचे टेकू काढायचेही दिवस ठरलेले आहेत. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला ७ दिवस, त्याहून मोठ्याला १४. हे सगळे मला आमच्या इंजिनिअरने सांगितले. आप्पांचे मत ‘दोन दिवस रग्गड’ असे होते. मग मी, सौ. आणि मुले, पहाटे आणि संध्याकाळी, स्लॅबवर मातीची आळी करून पाणी भरू लागलो. पाचव्या दिवशी आप्पांची माणसे टेम्पो घेऊन आली. दुसऱ्या साइटवर फळ्या हव्या होत्या. मी बँकेत. घरून फोन आला तोवर नाटक संपलेही होते. माय दाराच्या चौकटीत पाट टाकून बसली होती आणि माणसांना सांगत होती, ‘‘मला ओलांडून जा आन् फळ्या काढा.’’ एका म्हातारीला ओलांडायची कोणाची हिंमत झाली नाही. टेम्पो रिकामा गेला. अठरा लाखांच्या घरावर त्या दिवशी देखरेख होती ती एका पाटाची.

हे सगळे मी जिथे जिथे सांगितले तिथे तिथे लोक हसले आणि म्हणाले, ‘चालायचंच!’ वाचकहो, तुम्हीही आत्ता हसला असाल. म्हणून आता जरा गंभीर बोलतो; बँकेच्या माणसाला ते शोभतेही.

जुन्या काळी सारे तोंडी चालायचे, शब्दाला किंमत होती, असे आपले वडीलधारे सांगतात. मला हे खरे वाटत नाही. मयासुराने पांडवांची सभा चौदा महिन्यांत बांधून दिली, असे महाभारत सांगते. कारागीर असा होता, की पाणी जमिनीसारखे दिसे आणि जमीन पाण्यासारखी. (आमच्या गच्चीवर साचते ते पाण्यासारखेच दिसते.) पण मयासुराचा जीव अर्जुनाने खांडववनात वाचवला होता, सगळ्यांच्या कंत्राटदाराचे असे उपकार फेडायचे राहिलेले नसतात. ज्यांना साध्या माणसांकडून कामे करून घ्यायची होती त्यांनी लिहूनच ठेवले आहे. बाबिलोनचा राजा हम्मुराबी याने इसवी सनापूर्वी सुमारे १७५० साली काळ्या दगडावर कायदे कोरले. भिंत कलली तर बांधणाऱ्याने ती स्वखर्चाने नीट करावी, आणि घर पडून मालक मेला तर बांधणाऱ्याला देहदंड. हा दुसरा कायदा मी आप्पांना एकदा वाचून दाखवला. ते म्हणाले, ‘‘त्या टायमाला मजुरी स्वस्त होती.’’

बाबिलोन कशाला, आमच्या शेजारचा चाळीसगाव तालुका घ्या. तिथे पाटणला भास्कराचार्यांच्या घराण्याचा शिलालेख आहे, शके ११२८चा. त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, त्या मठाला कोणी काय द्यायचे ते दगडावर कोरलेले आहे, आणि तेही लोकांना कळावे म्हणून मराठीत. बाजारात होणाऱ्या व्यवहारावरचा मठाचा वाटासुद्धा त्यात आहे. राजाच्या अमलात, देवाधर्माच्या दानात, विद्वानांच्या मठात ‘आपल्यात काय लिहायचं’ असे कोणी म्हटले नाही. आणि त्या भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त विटांचा हिशेबच आहे. वीट १८ अंगुळे लांब, १२ रुंद, ३ जाड. रास ८ हात लांब, ५ हात रुंद, ३ हात उंच. तर विटा किती? उत्तर २५६०. आठशे वर्षांमागे आमच्याकडे विटा मोजायचे शास्त्र होते. मी प्लॉटवर उतरलेल्या विटा मोजल्या नाहीत, कारण आप्पांना वाईट वाटले असते.

कोणी म्हणेल, आता महारेरा आहे की. आहे ना! १ मे २०१७ पासून आहे आणि चांगला आहे. फ्लॅट विकणाऱ्याला करार नोंदवल्याशिवाय १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, गिऱ्हाइकांच्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात, पाच वर्षांत बांधकामाचा दोष निघाला तर कळवल्यापासून ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यावा लागतो. पण हा कायदा घरे बांधून विकणाऱ्यांसाठी. त्यातही ज्याची जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नाही, किंवा ज्याचे फ्लॅट आठांहून अधिक नाहीत, त्याला नोंदणीची सक्ती नाही. आपल्या दीडशे मीटरच्या प्लॉटवर, आपल्या पैशाने, गावातल्या आप्पांकडून घर बांधून घेणारा माणूस त्या दारात उभाच राहू शकत नाही. तालुक्याच्या गावांतून बहुतेक घरे बांधली जातात ती नेमकी अशीच.

त्याला दार उरते ते ग्राहक आयोगाचे. १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, १९८६ साली देशाचा ग्राहक कायदा आला, आणि १९९३ साली घरबांधणी ही ‘सेवा’ आहे हे त्या कायद्यात घातले गेले. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितले. २०१९चा नवा ग्राहक कायदा २०२० सालापासून अमलात आहे, त्यातही घरबांधणी आहे. म्हणजे जळगावच्या आयोगाचे दार माझ्यासाठी उघडे होते. पण तिथे गेल्यावर पहिला प्रश्न कोणता विचारतील, हे कारकुनाला सांगायला नको. माझ्या खिडकीत मी रोज तोच विचारतो, ‘‘कागद आहे का?’’

माझा कागद गिरणेत गेला होता.

घरासंबंधी एक अक्षर कोठेही लिहिलेले नाही असे मी समजत होतो. ते चूक ठरले. २०२३च्या डिसेंबरात एका संध्याकाळी मिस्तरी घरी आले. दोन वर्षे माझ्या भिंती उभ्या करणारा हा माणूस. माझ्याशी ‘रामराम’पलीकडे बोलला नव्हता. उंबऱ्याबाहेर उभे राहून म्हणाले, ‘‘भाऊ, आप्पा म्हणता, मालकानं पैसे दिले नाही. माझे तेवीस दिवस बाकी आहे.’’

मी उडालोच. आप्पा मला सांगत होते, ‘मिस्तरी येत नाही’. मिस्तरीला सांगत होते, ‘मालक देत नाही’. दोघांनी दोघांना कधी विचारले नाही, कारण दोघांचाही आप्पांवर विश्वास होता. मी विचारले, ‘‘तेवीस कशावरून?’’ प्रश्न विचारला आणि माझीच जीभ चावली. हाच प्रश्न मी त्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला विचारतो.

मिस्तरींनी पिशवीतून एक वही काढली. नववीतल्या मुलीची भूगोलाची. पुढून नद्या आणि पर्वत. मागून माझे घर. तारीखवार लिहिलेले, मिस्तरी किती, बिगारी किती, अर्धा दिवस की पूर्ण, सिमेंटची पोती किती उघडली. रोज संध्याकाळी बाप सांगायचा आणि पोर लिहायची. मिस्तरींना लिहिता येत नाही. ‘‘तिची माय म्हणे, लिहून ठेव, काही लागत नाही त्याला,’’ मिस्तरी ओशाळून म्हणाले. आठशे रुपये रोजाने तेवीस दिवसांचे १८,४०० झाले. माझ्या घराच्या बरोबर एक टक्का. सबंध भडगावात माझ्या घराचा हिशेब ज्याच्यापाशी होता तो निरक्षर होता, आणि मी बी.कॉम. होतो.

त्या रात्री मला झोप लागली नाही. आप्पांचा राग आला, हे तर झालेच. पण खरी लाज वाटली ती ‘चालायचंच’ची. मी हसून सोडून देत होतो ते माझे पैसे, असे मला वाटत होते. त्यातले अठरा हजार चारशे दुसऱ्याच्या चुलीतले होते.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली. प्लॉटवर पाण्याचा ड्रम उपडा घातला, त्यावर भूगोलाची वही ठेवली, आणि तिच्या दोन बाजूंना आप्पा आणि मिस्तरी यांना बसवले. आप्पा वहीकडे बराच वेळ पाहत राहिले. कुंपणाच्या भिंतीला त्यांनी मला साठ पोती लावली होती. वहीत अडतीस होती. ‘‘पोरीचं अक्षर चांगलं आहे,’’ एवढेच म्हणाले. मग मी दोन पाने लिहिली. काय राहिले, कोणी करायचे, कितीत, कोणत्या तारखेला. टप्पा झाल्यावर पैसे, पैशाबरोबर पावती. आणि सर्वांत आधी मिस्तरींची मजुरी माझ्यासमोर. पुन्हा भरलेल्या मुरमाचे पैसे मी धरले, कारण तो खड्डा माझ्याच प्लॉटचा होता. सौ.ने स्वयंपाकघराची खिडकी तीनदा सरकवली, त्याचेही धरले. हिशेब दोन्ही बाजूंनी मांडला म्हणजे दोघांनाही वाकडे बोलता येत नाही.

सही करताना आप्पा थांबले. मला वाटले, उठून जातात. ते म्हणाले, ‘‘भाऊ, तीन वर्षं झाली, एका मालकाकडे माझे दोन लाख अडकले आहेत. तेबी तोंडी. मी कोणाला सांगू?’’ मग सही केली. मी सवयीने ती ताडून पाहिली. पण ताडायला पहिली सही होतीच कुठे?

लिहून मागणे म्हणजे अविश्वास, असे जे समजतात त्यांना माझा एकच प्रश्न आहे. तुम्ही लग्नाच्या याद्या का करता? व्याही काय परके असतात? बैल घेताना बाजार समितीची पावती का घेता? किराण्याच्या दुकानात उधारीची वही का असते? चार नारळांचा हिशेब लिहिणारा समाज आयुष्यभराची कमाई मात्र ‘व्हई जाई’वर सोपवतो आणि फसला की म्हणींचे पुस्तक उघडतो. लहान गावात कंत्राटदार दोनचारच; कागद मागितला तर येणार नाही, ही भीती मला कळते. एकट्याने मागितला तर नाहीच येणार. वस्तीतल्या दहा प्लॉटवाल्यांनी मागितला तर कागद घेऊन स्वतः येईल. स्टॅम्प, दोन पाने, दोन साक्षीदार आणि ‘सगळं’ या शब्दाला सक्त मनाई, एवढेच लागते. त्यात मालकाचे रक्षण आहे तेवढेच आप्पांचेही आहे, आणि ज्याचे नाव कोणत्याच करारात नसते त्या मिस्तरीचेही.

त्या दोन पानांनंतर उरलेले काम पाच महिन्यांत झाले. आधीच्या एकोणीस महिन्यांत झाले त्याहून ते जास्त होते. २०२४च्या आखाजीला आम्ही नव्या घरात गेलो. वरण-बट्टी आणि वांग्याच्या भाजीची पहिली पंगत मिस्तरी, बिगारी आणि सेंट्रिंगवाल्यांची बसली. वहीवाली पोर दहावीत गेली होती. मायने तिच्या ताटात तूप ओतताना हात आखडला नाही. ओट्याच्या पायऱ्या ठेंगण्या झाल्या आहेत, प्रत्येकी पाच इंच. कागदावर पाच लिहिले होते.

आणि त्या श्रावणात कानबाई नव्या घरात बसली. भाऊबंद जमले. आप्पाही नारळ घेऊन आले, ऐटीत ओसरीवर बसले आणि आलेल्या प्रत्येकाला ‘हे घर मी बांधलं’ असे सांगू लागले. ते खोटे नव्हते, म्हणून मी काही बोललो नाही. माझा एक चुलतभाऊ कजगावहून आला होता. त्याला घर बांधायचे आहे. आप्पांशी त्याचे बोलणे चालले होते आणि ते ठरण्याच्या बेतात होते. मी कपाटातून त्या दोन पानांची नक्कल आणून त्याच्या हातात दिली.

‘‘राहू दे, दादा,’’ तो म्हणाला, ‘‘आप्पा आपलेच आहेत. शिवाय दिवाळीपर्यंत देतो म्हणालेत.’’

आतून रोट भाजता भाजता सौ.चा आवाज आला, ‘‘कोणत्या वर्षीच्या?’’

या वेळी कोणी हसले नाही. चुलतभावाने आप्पांकडे पाहिले, आप्पांनी माझ्याकडे पाहिले, आणि मग स्वतः आप्पांनीच कानावरची पेन्सिल काढून त्याच्यापुढे धरली. मी ती परत आप्पांच्या कानावर ठेवली आणि खिशातले पेन दिले. पेन्सिलीने लिहिलेले आमच्या खिडकीत चालत नाही.